व्हय म्हणायला माणूस

तुझ्यावर सगळ्यांत मोठे ऋण कोणाचे, असे मला कोणी विचारले तर मी सोनू धाकू परब हे नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटते, हे माझे कोणी प्राध्यापक असतील. सोनूकाकांना सही येत नव्हती. पण आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी झालो, तो त्यांच्या घरात राहून, त्यांच्या हातची पेज पिऊन, आणि त्यांनी भर रस्त्यात एस.टी. अडवली म्हणून.

एस.टी.चे पुढे सांगतो. आधी नारळाचे सांगायला हवे.

सोनूकाकांच्या घरी उतरलेल्या कोणत्याही पाहुण्याला, जाताना गाऱ्हाणे घातल्याशिवाय, ते खळ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. खळे म्हणजे घरापुढचे सारवलेले अंगण. देवाला गाऱ्हाणे घालण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. एकाने हातात नारळ घेऊन देवाला मोठ्याने हाक मारायची आणि समोरच्याचे काय दुखते, काय अडले आहे, ते सांगायचे. भोवतीच्या माणसांनी प्रत्येक मागण्यापाठोपाठ एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. देवळात हा मान ठरलेल्या घराण्याचा असतो. सोनूकाकांकडे तो नव्हता. एकदा गावचा मानकरी तणतणत आला.

"सोन्या, गाऱ्हाणा घालूचो मान आमचो. तू खंयचो कोण रे?"

"देवळात तुझो मान," काका शांतपणे म्हणाले. "हयचा खळा माझा, नारळ माझो, पावणे माझे. देव तेवढो दोघांचो. बस, पेज पी."

मानकरी पेज प्यायला. जाताना त्याच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी काकांनी गाऱ्हाणे घातले आणि तो स्वतःच 'व्हय म्हाराजा' म्हणून लंगडत घरी गेला. पुन्हा मानाचा विषय निघाला नाही.

काकांचे घर कुणकेश्वराच्या अलीकडच्या वाडीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा नवे राज्य होऊन एखाददुसरे वर्ष झाले होते आणि फोंडा घाटातून एस.टी. नियमित उतरू लागली होती. कोल्हापूरकरांना समुद्राचा शोध लागला तो याच सुमारास. शनिवारी अर्धा दिवस कचेरी करून ते गाडीत बसत आणि दिवेलागणीला आमच्या फाट्यावर उतरत. रविवारी दुपारी अडीचच्या गाडीने परत. वकील, मामलेदार, पेढीवाले, कॉलेजातले शिक्षक अशी ही मंडळी. हॉटेल नावाची वस्तू मैलोन् मैल नव्हती. होते ते सोनूकाकांचे घर, आणि कुंपणावर त्यांनी शाळेतल्या कोणाकडून तरी रंगवून घेतलेली फळी: 'पाहुण्यांची सोय. सकाळची पेज नक्की. माशांचे सांगता येत नाही.'

मासे पारबतीबाय आणत असे. ती शेजारच्या कोळीवाड्यातली, काकांच्याच वयाची, आणि काकांना 'सोनग्या' म्हणणारी जगात एकटीच उरलेली. दर शनिवारी कुंपणाशी टोपली उतरवून ती ओरडे, "काय रे सोनग्या, आज किती डोकी?"

"आठ."

"मगे ही सुरमय ठेव."

काका सुरमईचे कल्ले उघडून बघत. "गो, ही मेली कधी? काल काय परवा?"

"घाल गाऱ्हाणा! होयत जिती!"

मी त्या घरात आलो तो शिक्षक म्हणून. नांदगावच्या आतल्या बाजूच्या एका गावात माझ्या वडिलांची चार कुणगे, म्हणजे चार लहान तुकडे, भातशेती. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, बाहेरून इंटर झालो आणि कुणकेश्वराजवळच्या शाळेवर नेमणूक मिळाली. राहायला जागा शोधत फिरत होतो तेव्हा काकांनी विचारले, "मास्तरा, तुका आणि काय करूचा आसा?" मी म्हणालो, बाहेरून बी.ए. करायचे आहे. त्यांना बी.ए. म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. "त्येका काय लागता?" मी म्हणालो, शांतता आणि उजेड. त्यांनी समुद्राकडची खोली उघडून दिली. घरातली ती सगळ्यांत चांगली खोली. पाहुणे नेमकी तीच मागत.

"ती रिकामी नाय," काका सांगत. "थय बी.ए. रवता."

पाहुण्यांना वाटे, आत कोणी मोठा पदवीधर आहे. ते दबक्या पावलांनी ओटीवरून जात. आत मी इंटर झालेला मनुष्य इंग्रजीच्या धड्यापुढे डोके धरून बसलेला असे.

पाहुणा उतरला की काका त्याला आधी पाणी देत आणि मग प्रश्न विचारत. पोट साफ होते का? झोप लागते का? घरी कोण आजारी? मुलीचे कुठे जमले का? शहरातल्या माणसाला इतक्या आपुलकीने कोणी विचारलेले नसते. विहिरीवर अंघोळ करताना, आमसुलाचे सार भुरकताना, सकाळी घावणे आणि नारळाचा रस खाताना माणसे भडाभडा बोलत. काका नुसते मान हलवत. ते सगळे रविवारच्या गाऱ्हाण्यासाठी गोळा होत आहे, हे त्या बिचाऱ्यांना कळत नसे.

कोल्हापूरच्या एका वकिलांचे गाऱ्हाणे मला अजून आठवते. वकील टोपी घालून, बॅग हातात घेऊन निघाले होते. काका नारळ घेऊन आडवे आले.

"बा कुणकेश्वरा म्हाराजा! ह्ये कोल्हापूरचे वकीलसाहेब तुझ्या दर्याच्या वाऱ्याक इले. तेंच्या पोटात वारो धरता, तो तुझ्या वाऱ्यात मिळव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाकीचे पाहुणे म्हणाले.

"तेंच्या घोरण्यान् तेंच्या बायलेक झोप नाय. ता घोरणा कमी कर, नायतर तिचो कान तरी जड कर रे म्हाराजा!"

यावर सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठ्याने वकिलीणबाई 'व्हय म्हाराजा' म्हणाल्या. कोल्हापूरकरांच्या तोंडी 'व्हय' मुळातच बसलेले. त्यांना शिकवावे लागत नसे.

एका मामलेदाराने मात्र न्हाणीत पाणी काढून देताना काकांना विश्वासाने सांगितले होते की, सासूबाई घरी राहायला आल्यापासून आपण गुपचूप बदलीचा अर्ज केला आहे. रविवारी भर खळ्यात काकांनी देवाकडे ती बदली मागितली. मामलेदारीणबाई 'व्हय' म्हणता म्हणता थांबल्या. अडीचच्या गाडीत दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसलेले मी पाहिले. काकांना मी म्हटले, "काका, असे कोणाचे खाजगी सांगू नये." ते चकित झाले. "देवाक सांगूचा नाय तर कोणाक सांगूचा?" पुढच्या वर्षी तेच मामलेदार पुन्हा आले. बदली झाली नव्हती. सासूबाईंनाही बरोबर आणले होते, आणि त्या खुशाल खळ्यात बसून नारळ खवत होत्या.

कारण काकांकडे दुसऱ्या खेपेला येणारा माणूस पाहुणा उरत नसे. "पयल्या खेपेक पावणो, मगे घरचो," म्हणून ते त्याच्या हाती विळी देत.

गाऱ्हाणे एकट्याने घालता येत नाही, यावर काकांचा फार कटाक्ष. "देव बहिरो नाय," ते म्हणत, "पण एकट्याचा तो आयकना नाय. व्हय म्हणूक माणूस होयो." शनिवार-रविवारी त्यासाठी पाहुणे असत. सोमवार ते शुक्रवार मी होतो. रोज दिवेलागणीला काका खळ्यात उभे राहत आणि मागच्या आठवड्यातल्या पाहुण्यांची उरलेली मागणी पुरी करत. कोल्हापूरच्या पेढीवाल्याच्या मुलीला स्थळ मिळो. बेळगावच्या बाईंना आंबोलीच्या वळणांत ओकारी होते, ती थांबो. परड्यातल्या तिसऱ्या माडाला नारळ धरोत. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत आणि माझ्या खिडकीकडे बघत. मी पुस्तकातून मान वर न काढता "होय, होय" म्हणत असे. शुद्ध भाषेत. मी मास्तर होतो. मालवणी मी घरच्यांशी बोलत असे, पण पाहुण्यांच्या आणि पुस्तकांच्या समोर ती मला ओशाळवाणी वाटे. आज हे लिहिताना त्या कोरड्या 'होय'ची मला लाज वाटते.

पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो. निकाल घेऊन आलो तेव्हा काकांनी मला आधी पाटावर बसवले. पेज वाढली, बाजूला खाराची कैरी ठेवली आणि मी जेवून झाल्यावर म्हणाले, "चूक माझी. त्या दिवशी व्हय म्हणूक दोनच पावणे होते. तेतलो एक खोकत होतो."

दुसऱ्या वर्षी त्यांनी ठरवले की या वेळी कसर राहू द्यायची नाही.

त्या वर्षी जगदाळे सर नावाचे कोल्हापूरच्या एका कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक तीन-चार वेळा काकांकडे येऊन गेले होते. खोलीत बी.ए. राहतो हे ऐकून त्यांनी दार ठोठावले, माझी वही पाहिली, आणि हसले नाहीत. उलट समुद्रावर जायचे सोडून माझे निबंध तपासत बसले. "परीक्षेला पहिल्यांदाच बसताय?" त्यांनी विचारले. मी "हो" म्हणालो. का म्हणालो, कोणास ठाऊक. एवढा विद्वान माणूस मला शिकवतो आहे, त्याला मी नापास झालेला मनुष्य आहे हे सांगायला जीभ रेटेना. एकदा खोटे बोललो आणि मग ते दुरुस्त करायची वेळ निघून गेली.

परीक्षा सोमवारी कोल्हापूरला होती. त्याच्या आदल्या शनिवारी काकांनी जगदाळे सरांना त्यांच्या मित्रमंडळासकट बोलावून घेतले. अकरा माणसे. सगळे धडधाकट. काकांनी एकेकाला उतरल्या उतरल्या विचारले, "खोकलो आसा?" कोणालाच नव्हता. काका खूश झाले. बेत असा होता की, रविवारी दुपारी अकरा जणांनी मिळून मला गाऱ्हाणे घालायचे आणि अडीचच्या गाडीने मला बरोबर घेऊन जायचे.

पण काका गाऱ्हाण्यात काय बोलणार हे मला ठाऊक होते. 'गेल्या वर्साक इंग्रजीत पडलो,' हे ते पहिल्या दोन वाक्यांत सांगणार. काहीही वगळायचे नाही, ही त्यांची पद्धत. आणि जगदाळे सर समोर उभे असणार. काकांना मी सांगू शकलो असतो की, तेवढे बोलू नका. पण मग का, हेही सांगावे लागले असते.

मी रविवारी पहाटेच उठलो. एका कागदावर लिहिले: 'सकाळच्या गाडीने जातो. गाऱ्हाण्याची तसदी घेऊ नये.' कागद कंदिलाखाली ठेवला, पुस्तकांची पिशवी घेतली आणि मागच्या दाराने निघालो. आमच्या फाट्यावर कोणी पाहील म्हणून दीड मैल चालत खालच्या वाडीच्या थांब्यावर गेलो. गाडी तिथे येऊन, सड्याला, म्हणजे वरच्या कातळमाळाला, वळसा घालून, वर चढत असे. गाडी आली. मी बसलो. शेजारी टोपली मांडीवर घेऊन पारबतीबाय होती. ती तिठ्याच्या बाजाराला निघाली होती.

"मास्तरा? तू हय कसो? गाऱ्हाणा झाला?"

मी खिडकीबाहेर पाहिले.

"झाला काय विचारतंय."

"नाही," मी म्हणालो. ती टोपलीवरचे पान सारखे करत राहिली.

गाडी सड्यावर चढली आणि कचकन थांबली. सगळे पुढच्या बाकांवर आदळले. ड्रायव्हरने तोंडातल्या तोंडात शिवी दिली. मी पुढे पाहिले. रस्त्याच्या मधोमध सोनूकाका उभे होते. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पाहुण्यांकडून वाचून घेतलेली माझी चिठ्ठी. पायवाटेने सडा चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. त्यांच्या मागे अकरा कोल्हापूरकर. कोणी लेंग्यात, कोणी पंच्यात, एकाच्या पायात दोन वेगवेगळ्या वहाणा. जगदाळे सरांच्या अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण लागलेला होता आणि उरलेले अर्धे गुळगुळीत होते.

कंडक्टर खाली उतरला. "ओ परबांनू, ह्या काय? गाडी लेट होता!"

"गाडीत आमचो बी.ए. आसा," काका म्हणाले. "तेचा गाऱ्हाणा रवला."

कंडक्टरने ड्रायव्हरकडे पाहिले. ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि डोक्यावरची टोपी काढून हात जोडले. तोही आमच्याच बाजूचा होता.

माझी इच्छा होती की मी बाकाखाली जावे. काका दाराच्या पायरीवर चढले आणि त्यांनी नारळ वर धरला.

"बा कुणकेश्वरा म्हाराजा, दर्याच्या राजा, वाटेच्या धन्या! हो आमचो मास्तर. नांदगावकडच्या शेतकऱ्याचो झील. हेच्या घराण्यात कोणी पाटी धरूक नाय, हेणा धरली!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी गाडी म्हणाली. गाडीबाहेरचे अकरा म्हणाले.

"गेल्या वर्साक इंग्रजीन् हेका पाडल्यान!"

मी डोळे मिटून घेतले.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत आवाज जगदाळे सरांचा होता.

"लिवताना हेचो हात कापता, तो कंप काढ रे म्हाराजा! परीक्षेच्या दिसा हेच्या पोटात गोळो येता, तो मोड! हेका पास कर!"

"व्हय म्हाराजा!"

काका थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, नारळाकडे पाहिले. आवाज थोडा खाली आला.

"आणि पास झालो काय हेका हय ठेव नको. मोठ्या गावात व्हर. मोठ्या शाळेत व्हर. माझी खोली ल्हान आसा, ती हेका पुरूची नाय. हेका व्हर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" गाडी गरजली. माझ्या शेजारची पारबतीबाय मात्र गप्प होती.

नारळ पायरीवर फुटला. एक तुकडा ड्रायव्हरला, एक कंडक्टरला, एक माझ्या हातात. जगदाळे सर माझ्या खिडकीशी आले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मी मॅट्रिकला दोनदा आपटलोय. सांगितलं नव्हतं तुम्हाला. पेपरात घाई करू नका." आणि साबण पुसत मागे सरकले.

गाडी सुटली. बरेच अंतर गेल्यावर मी पारबतीबायला विचारले, "शेवटच्या वेळी तुम्ही व्हय का म्हटले नाही?"

"कित्याक म्हणू?" ती फणकारली. "तो आपल्याच पायार धोंडो मारून घेता आणि मी व्हय म्हणू? पावणे शनवारी येतत, आयतवारी जातत. सोमारपासून शुक्रवारपर्यंत तेका व्हय म्हणणारो कोण आसा रे? तूच मां?"

मग तिने मला ते सांगितले जे काकांनी दोन वर्षांत कधी सांगितले नव्हते. काकांची बायको आनंदी सहा महिने अंथरुणाला खिळून होती. तिला मूलबाळ नव्हते, घरात तिसरे माणूस नव्हते. काका रोज दिवेलागणीला खळ्यात उभे राहून तिच्यासाठी गाऱ्हाणे घालत, आणि व्हय म्हणायला कोणी नाही म्हणून ती स्वतःच आतून, खाटेवरून, 'व्हय म्हाराजा' म्हणे. आपल्याच गाऱ्हाण्याला. रोज तिचा आवाज थोडा बारीक होई.

"ती गेली," पारबतीबाय म्हणाली. "तेराव्या दिसानंतर मी टोपली घेऊन कुंपणावरसून जाय होतंय. बघतंय तर ह्यो खळ्यात उभो. हातात नारळ. सवयीन् एक वाक्य म्हणालो आणि थांबलो. व्हय येवची वाट बघीत. आतसून कोण म्हणतला? तसोच उभो. शेवटी मीच कुंपणाभायरसून म्हणालंय, 'व्हय म्हाराजा.' तेवा कुठे नारळ खाली ठेवल्यान. मगे आठ दिसांनी ती फळी लावल्यान. लोकांका वाटता, सोनग्या धंदो करता."

तिठा आला. ती टोपली घेऊन उतरली आणि खालून ओरडली, "पास हो, मेल्या! आता मगे नापास झालंस तर मी सोडूचंय नाय!"

मी पास झालो. इंग्रजीत काठावर, पण झालो. वर्षभरात घाटावरच्या एका मोठ्या गावी, मोठ्या शाळेत जागा मिळाली. काकांनी मागितले होते तसेच झाले. निघालो तो दिवस सोमवार होता. पाहुणे नव्हते. खळ्यात काका, पारबतीबाय आणि मी. काकांनी गाऱ्हाणे छोटे घातले. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर करून, माझ्याच गाऱ्हाण्याला, आमच्या बोलीत व्हय म्हणालो. काकांनी चमकून घराच्या आतल्या बाजूला पाहिले, आणि मग माझ्याकडे.

पुढची काही वर्षे मी दर दिवाळीला त्यांना चार ओळींचे पत्र टाकत असे. शुद्ध मराठीत. प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे, वगैरे. माझे लग्न झाले, मुलगी झाली, नोकरी कायम झाली. गाऱ्हाण्याची आठवण मनात होती, पण ती तशी मनातच राहिली असती. एकदा कोल्हापूरला जगदाळे सर भेटले. ते नुकतेच काकांकडे जाऊन आले होते. रविवारची गाडी चुकली आणि सोमवारी कॉलेजला सुटी होती, म्हणून या खेपेला सोमवारीही राहिले होते.

"ती खोली अजून कोणाला देत नाहीत," सर म्हणाले. "मी मागितली, तर म्हणाले, थय बी.ए. रवता." मग म्हणाले, "संध्याकाळी मी समुद्रावरून परत आलो. काका खळ्यात उभे होते. एक वाक्य म्हणत, आणि तुमच्या बंद खिडकीकडे बघत थांबत. मग पुढचं वाक्य. मी कुंपणाशीच उभा राहून व्हय म्हटलं. पण मंगळवारी सकाळी मी निघालोच ना."

घरी आल्यावर मी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर शाई सांडली, म्हणून पत्र पुन्हा लिहून धाडले. तो डागाळलेला कागद माझ्याजवळ आहे. त्यावरूनच उतरवतो.

*तीर्थरूप सोनूकाकांस साष्टांग नमस्कार.*

*हे पत्र पोस्टमन वाचून दाखवतील. त्यांना आधी पेज द्यावी. पत्र ओटीवर बसून वाचायचे नाही. दोघांनी खळ्यात उभे राहायचे, आणि पारबतीबाय जवळपास असेल तर तिला हाक मारायची.*

*बा कुणकेश्वरा म्हाराजा! आज मंगळवार. आज ह्या खळ्यात पावणो नाय. हो तुझो सोनू धाकू परब. हेणा सगळ्या मुलखाचा तुझ्याकडे मागला. वकिलाच्या पोटाचा मागला, मामलेदाराच्या बदलीचा मागला, माझ्या इंग्रजीचा मागला. आपल्यासाठी कायेक मागूक नाय. म्हणान् आज हेच्यासाठी मी मागतंय.*

*सडो चढताना हेका धाप लागता, ती कमी कर रे म्हाराजा. व्हय म्हाराजा.*

*परड्यातलो तिसरो माड अजून धरूक नाय, तो धरव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा.*

*पारबतीबायची सुरमय ताजी आसता, ह्या हेका एकदा पटव रे म्हाराजा. व्हय म्हाराजा.*

*सोमारपासून शुक्रवारपर्यंत हेका एकटो ठेव नको रे म्हाराजा. व्हय म्हाराजा.*

*काका, समुद्राकडची खोली उघडा आणि कोणाक तरी देवा. जेका उजेड होयो आसा तेका देवा. मी थय नाय तरी चलात, कारण आजपासून रोज दिवेलागणीक मी, माझी बायल आणि आमचा चेडू हयच्या खिडकेत उभी रवतलव. तुमी काय मागतास ता आमका हय आयकाक येवचा नाय. न आयकताच आमी व्हय म्हणतलव. तुमी कोणाचा वायट मागूचास नाय, ह्या आमका म्हायत आसा.*

*फक्त एक करा. एक वाक्य झाला काय थोडे थांबा. आमचो आवाज घाट उतरान येतलो, तेका येळ लागतलो.*

*तुमचो,*
*बी.ए.*